थीम पार्कला नेण्याआधी मुलाची उंची मोजा

श्रोतेहो, नमस्कार. सहामाही परीक्षा संपत आली की सातारा-सांगलीकडे घरोघरी एकच विषय निघतो. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना थीम पार्कला न्यायचं का? आणि धाकटं अजून लहान नाही ना? उत्तर आधीच सांगून टाकूया. आपल्या भागातून ही पहिली मोठी सहल करायची, तर मुलाला सात पूर्ण झालेली असावीत आणि उंची १२० सेंटिमीटरच्या वर गेलेली असावी. नवव्या-दहाव्या वर्षी नेलंत तर तिकिटाचे पैसे सगळ्यांत चांगले वसूल होतात. चार वर्षांच्या आतल्या मुलासाठी मात्र एवढ्या लांब जाऊ नका.

हा १२० चा आकडा कुठून आला ते बघा. थीम पार्कमध्ये प्रत्येक राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी लावलेली असते. तिथला कर्मचारी मुलाची जन्मतारीख विचारत नाही, पट्टीला उभं करतो. घोड्यांचं चक्र, छोटी आगगाडी असल्या राइडना साधारण ९० सेंटिमीटर उंची किंवा सोबत मोठं माणूस एवढं पुरतं. मधल्या राइडना १०५ ते १२० लागते. मोठा रोलर कोस्टर, उंचावरून एकदम खाली सोडणारा मनोरा यांना १२० पासून १४० पर्यंत अट असते. प्रत्येक राइडचा आकडा वेगळा असतो, म्हणून निघायच्या आधी पार्कच्या संकेतस्थळावर तो बघून कागदावर उतरवून घ्या.

आता मुलांच्या उंचीचा हिशोब. सरासरीने तीन वर्षांचं मूल ९५ सेंटिमीटरच्या आसपास असतं, पाच वर्षांचं ११० च्या जवळपास, सात वर्षांचं १२० ला टेकलेलं आणि दहा वर्षांचं १३७-१३८ चं. चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. म्हणजे आज ११४ वर असलेलं मूल पुढच्या दिवाळीला १२० गाठेल. एक वर्ष थांबायचं की नाही, हे या साध्या वजाबाकीवरून ठरवता येतं.

आणि ही अट पार्कवाल्यांनी मनाला येईल तशी लावलेली नसते. बसल्यावर मांडीवर जो दांडा येतो, तो कमरेच्या हाडाशी घट्ट बसायला हवा. खांद्यावरून येणारं जॅकेट खांद्यालाच टेकायला हवं. मूल आखूड असलं की मधे पोकळी राहते आणि गाडी वळताना ते दांड्याखालून पुढे घसरतं. एका बाकावर वडील आणि चार वर्षांचा मुलगा बसले, तर दांडा वडिलांच्या मांडीला लागून थांबतो आणि मुलाच्या पोटासमोर चांगली वीतभर जागा मोकळी राहते. ‘मी त्याला धरून बसतो’ हे तिथं उपयोगाचं नाही, कारण झटका बसतो तेव्हा हातात धरलेलं मूल हातात राहत नाही. शिवाय लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मानेचे स्नायू कोवळे. म्हणून जाड तळव्याचे बूट घालून किंवा टाचा उचलायला सांगून पट्टी पार करवू नका. फसवणूक पार्कची होत नाही, आपल्याच मुलाच्या मानेशी खेळ होतो.

उंची घरीच मोजा, पण नीट मोजा. बूट-मोजे काढून मुलाला दाराच्या चौकटीला किंवा भिंतीला पाठ लावून उभं करा. टाचा, कुल्ले आणि खांदे भिंतीला टेकलेले, नजर समोर. मुलीचा अंबाडा किंवा उंच बांधलेली वेणी सोडा, नाहीतर दोन-तीन सेंटिमीटर खोटे वाढतात. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक ठेवा, त्याची कड भिंतीला काटकोनात लागू द्या आणि पुस्तकाच्या खालच्या कडेला पेन्सिलीची खूण करा. शिवणकामाची टेप जुनी होऊन ताणलेली असते, म्हणून सुताराची पोलादी टेप घ्या. आणखी एक बारकावा आहे. माणूस सकाळी उठल्यावर उंच असतो आणि दिवसभरात साधारण एक सेंटिमीटर कमी होतो. सकाळी घरी १२० भरलेलं मूल दुपारी तीन वाजता पार्कच्या पट्टीवर ११९ भरू शकतं. तेव्हा संध्याकाळी मोजलेला आकडा खरा धरा. हे मोजमाप तिकिटालाही लागतं, कारण बऱ्याच पार्कमध्ये लहान मुलाचं तिकीट वयावर नसून उंचीवर असतं.

उंची झाली, आता मन. दोन-तीन वर्षांचं मूल मुखवटा घातलेल्या माणसाला घाबरतं. मोठ्या डोक्याचं कार्टून जवळ आलं की फोटोसाठी पुढे ढकललेलं मूल टाहो फोडतं, आणि तो लाडावलेपणा नव्हे. चार-पाच वर्षांपर्यंत खरं आणि खोटं यांतली रेघ पुसट असते. अंधारातला राक्षस ‘खोटा आहे रे’ असं सांगून त्याला पटत नाही. खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कमध्ये सलीमगड नावाची भुताटकीची राइड आहे, डीप स्पेस नावाचा पूर्ण अंधारातून धावणारा कोस्टर आहे. अशा राइडना उंची पुरली तरी सहा वर्षांच्या हळव्या मुलाला नेऊ नये. तिथंच नायट्रो हा पायाखाली फळी नसलेला मोठा कोस्टर आहे आणि तिथंच ‘टबी टेक्स ऑफ’ नावाचे हत्तींचे छोटे पाळणेही आहेत. थोडक्यात, एकाच आवारात तीन वर्षांच्या आणि पंधरा वर्षांच्या मुलाचा माल मांडलेला असतो. आपल्या मुलाचा कोणता, ते आधीच ठरवून जा. घरी मोबाइलवर राइडचे व्हिडिओ मिळतात, ते आवाज मोठा करून दाखवा. मूल आवाजाला कान झाकतं का, ते बघा. झाकत असेल तर यादीतली ती राइड खोडा.

आठवणीचंही एक सांगायचं. साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीच्या गोष्टी मोठेपणी आठवत नाहीत. त्यामुळे ‘लहानपणीची आठवण राहील’ म्हणून दोन वर्षांच्या बाळाला नेत असाल, तर आठवण फक्त तुमच्याजवळ राहणार आहे.

अंतराचा विचार इथल्या माणसाला करावाच लागतो. मुंबई-पुण्याच्या मुलाला इमॅजिका दीड-दोन तासांवर आहे. साताऱ्याहून ते १९० किलोमीटरच्या आसपास पडतं, म्हणजे खंबाटकी, खेड शिवापूरचा टोलनाका, नवले पुलाची गर्दी आणि पुढे बोरघाट धरून चार-साडेचार तास. सांगलीहून ३०० किलोमीटरच्या वर, म्हणजे सहा तास कुठं गेले नाहीत. साताऱ्याहून पहाटे पाचला निघून त्याच दिवशी परत येणं आठ वर्षांच्या पुढच्या मुलाला झेपतं. सांगली, मिरज, तासगावहून ते कुणालाच झेपत नाही. मूल पार्कमध्ये पोचतं तेव्हाच दमलेलं असतं, अकरा वाजता रडू लागतं आणि घरचे त्याला रागावतात. आदल्या रात्री पुण्याला नातेवाइकांकडे किंवा लोणावळ्याला मुक्काम करा. पाच वर्षांच्या आतल्या मुलाची दुपारची झोपही धरा. एक ते तीन ही त्याची झोपेची वेळ आणि तीच पार्कमधली कडक उन्हाची वेळ. त्या वेळेला सावलीत चादर टाकून पडता येईल असा कोपरा सकाळीच हेरून ठेवावा लागतो.

घाट लागणारी मुलं साधारण दोन ते बारा या वयातली असतात. खंबाटकीत जे मूल ओकतं, ते गोल फिरणाऱ्या राइडवरही ओकणार हे गृहीत धरा. समोर पडदा हलतो आणि खुर्ची डुलते, अशा राइड त्याला जास्त त्रास देतात, कारण डोळे सांगतात पुढे चाललोय आणि शरीर तर जागेवरच असतं. पहाटे निघताना तेलकट वडे नकोत, चपाती आणि सुकी बटाट्याची भाजी बरी. घाटात मोबाइल काढून घ्या, काच थोडी खाली करा आणि मुलाला लांब डोंगराकडे बघायला सांगा. औषध द्यायचं असेल तर मात्रा डॉक्टरांना वजन सांगून विचारा, कारण काही गोळ्यांनी मूल अर्धा दिवस पेंगतं.

आता एक गोष्ट जी आपल्याकडे सहज होते आणि शहरातल्या आईबापांना मिळत नाही. पार्कला नेण्याआधी मुलाला यात्रेत न्या. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पालची खंडोबाची, खरसुंडीची सिद्धनाथाची, मिरजेचा उरूस. यातली एक तरी यात्रा वर्षभरात जवळ येतेच. आकाशपाळणा, डोलणारी नाव, गरगर फिरणारा ब्रेक डान्स, सगळं तिथं असतं आणि तिकीट परवडतं. मूल घोड्यांच्या चक्रात हसतं की खालमानेनं दांडा आवळून बसतं? पाळणा वर थांबला की आजूबाजूला बघतं की डोळे मिटून घेतं? उतरल्यावर ‘परत’ म्हणतं का? या तीन गोष्टींवरून त्याच्या धाडसाचा अंदाज येतो. रांगेत ते किती वेळ टिकतं तेही घड्याळ लावून बघा. चार वर्षांचं मूल दहा मिनिटांत चुळबुळ करतं, आणि सुट्टीच्या दिवशी पार्कमधल्या चांगल्या राइडची रांग पाऊण तासाची असते.

मात्र यात्रेत उंचीची पट्टी क्वचितच असते, तिथली जबाबदारी पूर्ण तुमची. बसण्याआधी पाळण्याची एक फेरी बाहेरून बघा. दाराला खिटी आहे का, आणि प्रत्येक डब्याची खिटी चालवणारा स्वतः हाताने लावून बघतो का? दाराला नुसती साखळी अडकवलेली असेल किंवा तार गुंडाळलेली असेल, तर तिकिटाचे पैसे वाचवून पुढे चला. सात वर्षांच्या आतल्या मुलाला मोठ्या आकाशपाळण्यात एकटं बसवू नका. मुलींच्या ओढण्या, मोकळे केस, गळ्यातला दोरा बांधून-खोचून घ्या. फिरणाऱ्या भागात कपडा अडकणं हे अशा अपघातांचं नेहमीचं कारण आहे. पार्कमधल्या गो-कार्टलाही हाच नियम.

घरात दोन मुलं असतील, एक चार वर्षांचं आणि एक नऊ, तर बहुतेक घरांत दिवस धाकट्याच्या चालीने जातो आणि थोरलं हिरमुसतं. त्यावर उपाय आहे. दोन मोठी माणसं सोबत असतील तर सकाळी दार उघडताच एकाने थोरल्याला घेऊन थेट सर्वांत मोठ्या राइडकडे जायचं, कारण पहिल्या तासात रांग छोटी असते. दुसऱ्याने धाकट्याला छोट्या पाळण्यांकडे न्यायचं. जेवणाला एकत्र. काही ठिकाणी एक पालक बसून आला की दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता आत सोडतात, राइडवरच्या कर्मचाऱ्याला विचारायला लाजू नका. जेवणानंतर तासभर गोल फिरणारं काही नको, त्या वेळात बसून बघायचे कार्यक्रम उरकून घ्या.

वॉटर पार्कचं गणित वेगळं आहे. तिथं उंचीइतकीच थंडी महत्त्वाची. लहान शरीर पाण्यात लवकर गार पडतं. ओठ निळसर दिसले किंवा दात वाजायला लागले की मुलाला बाहेर काढायचं, अंग पुसायचं, कोरडा टॉवेल गुंडाळायचा आणि उन्हात बसवायचं. सुती कपडे पाणी धरून जड होतात, म्हणून नायलॉनचे घ्या, बऱ्याच ठिकाणी तोच नियम असतो. आणि सहा वर्षांच्या आतलं मूल गुडघाभर पाण्यात असलं तरी मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. बुडणारं मूल ओरडत नाही, हात मारत नाही, गुपचूप खाली जातं. कठड्यावर बसून मोबाइल बघत राखण होत नाही.

शाळेच्या सहलीबद्दल शिक्षकांना एक विनंती. चौथीच्या एकाच वर्गात १२२ चा मुलगा असतो आणि १४५ ची मुलगी असते. दारावर अर्धा वर्ग आत जातो आणि अर्धा कठड्याबाहेर उभा राहतो, तेव्हा बाहेर राहिलेल्या मुलाला ते फार लागतं. सहलीचं ठरताच वर्गाची उंची मोजा आणि बसमध्ये गट पाडतानाच उंचीप्रमाणे पाडा. ठेंगण्या गटाच्या राइडची वेगळी यादी आणि वेगळे शिक्षक ठेवा. निम्म्याहून जास्त मुलं १३० च्या खाली भरली, तर चौथीऐवजी सहावी-सातवीचा वर्ग न्या आणि चौथीला अजिंक्यतारा किल्ला किंवा सागरेश्वर अभयारण्य दाखवा.

निघायच्या दिवशी सकाळी मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो काढा आणि बॉलपेनने दंडाच्या आतल्या बाजूला तुमचा मोबाइल नंबर लिहा. पार्कमध्ये शिरल्यावर ठळक दिसणारी एक जागा दाखवा आणि चुकलास तर इथं येऊन थांब, शोधत फिरू नकोस, असं त्याच्याकडून दोनदा म्हणवून घ्या. फिट येणारं, हृदयाचा त्रास असलेलं किंवा नुकतंच प्लास्टर काढलेलं मूल असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण लखलखते दिवे आणि झटके त्याला सोसणार नाहीत. आणि रांगेच्या टोकाला जाऊन मूल ‘नको’ म्हणालं तर ओढून बसवू नका. बसायच्या जागेपर्यंत पोचल्यावरही बाजूने बाहेर पडता येतं, कर्मचाऱ्याला सांगितलं की तो वाट करून देतो. मागे उभे असलेले लोक काय म्हणतील, याची पर्वा त्या क्षणी करायची नाही. नमस्कार.