चेकपोस्ट ते हॉस्पिटल: इस्रायली माणसं, पॅलेस्टिनी पेशंट आणि मधलं गेट

नमस्कार मंडळी. गाझाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन बाजू पडतात. एकाच्या मोबाईलवर ट्रकांच्या रांगेचा व्हिडिओ असतो, बघा, इस्रायल शत्रूलाही खायला घालतंय, आणि दुसऱ्याच्या मोबाईलवर रिकामं पातेलं पुढे धरून उभी असलेली पोरं असतात, मग काय, भांडण. मला आज या दोन्ही व्हिडिओंत जे दिसत नाही त्याबद्दल बोलायचंय. पॅलेस्टिनी माणसाला मदत करणारे इस्रायली लोक नेमके कोण, ते काय करतात, आणि तिथलं सरकार ज्याला मदत म्हणतं ते काय असतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकात मिसळून मोजतो, घोळ तिथे होतो असं माझं स्पष्ट मत आहे.

युवल रॉथ यांच्यापासून सुरुवात करतो. १९९३ साली त्यांचा भाऊ उदी सैन्यातली राखीव ड्युटी संपवून घरी निघाला होता, वाटेत लिफ्ट घेतली, गाडीत हमासची माणसं होती, त्यांनी त्याला मारलं. पुढे रॉथ अशा एका गटात गेले जिथे या संघर्षात घरचं माणूस गमावलेले इस्रायली आणि पॅलेस्टिनी दोघंही बसतात, पेरेंट्स सर्कल नाव त्याचं. तिथल्या एका पॅलेस्टिनी सभासदाने विचारलं की माझ्या भावाला उपचारासाठी हैफाच्या रामबाम हॉस्पिटलला जायचंय, चेकपोस्टपासून पुढे कोणी सोडेल का. रॉथ यांनी सोडलं. मग अजून एकाने विचारलं, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना गाड्या घेऊन बोलवायला लागले, आणि २०१० मध्ये त्याची रीतसर संस्था झाली, रोड टू रिकव्हरी. ज्यांनी भाऊ मारला त्यांच्या बाजूच्या पेशंटला स्वतःच्या गाडीत बसवून नेणं, मी कितीदा यावर विचार केलाय, मला नाही वाटत मला जमलं असतं.

आता तुम्ही म्हणाल गाडीने सोडण्यात काय एवढं. तर २०२३ च्या युद्धाआधी तिथली व्यवस्था कशी चालायची ते बघा. गाझात किंवा वेस्ट बँकमध्ये, म्हणजे जॉर्डन नदीकडच्या दुसऱ्या पॅलेस्टिनी भागात, एखाद्या लहान मुलाला कॅन्सर झाला, तिथे रेडिएशन नाही, तर डॉक्टर बाहेर पाठवायची चिठ्ठी देतात. मग पॅलेस्टिनी ऑथॉरिटीचं, म्हणजे पॅलेस्टिनी प्रशासनाचं, पत्र लागतं की बिल आम्ही भरू, म्हणजे उपचार बहुतेक वेळा फुकट नसतात बरं का, ऑथॉरिटीच पैसे भरते. मग हॉस्पिटलची तारीख, मग इस्रायली लष्कराच्या समन्वय ऑफिसकडून परमिट, सोबत जाणाऱ्या आईचं परमिट वेगळं, आणि आईचं नाकारलं तर आजी जाते, कारण म्हातारीला परमिट मिळायची शक्यता जास्त. जागतिक आरोग्य संघटना याची नोंद ठेवायची, २०२२ मध्ये एकट्या गाझातून साधारण २० हजार अर्ज झाले, त्यातले एक तृतीयांशच्या आसपास वेळेत मंजूरच झाले नाहीत. आणि सगळं मिळालं तरी पॅलेस्टिनी नंबरप्लेटची गाडी आत नेता येत नाही, टॅक्सीचं भाडं न परवडणारं, आणि केमोला तर पुन्हा पुन्हा जावं लागतं. तिथे हे लोक येतात. पहाटे उठून गाझाच्या एरेझ गेटला किंवा वेस्ट बँकच्या तारकूमिया चेकपोस्टला जाऊन थांबायचं, पोराला आणि आजीला घ्यायचं, तेल हाशोमेरला किंवा पेताह तिक्वाच्या मुलांच्या हॉस्पिटलला सोडायचं. ड्रायव्हर बरेचसे रिटायर झालेले, भाषा एकमेकांची धड येत नाही, पण तेच पोरगं तिसऱ्यांदा गाडीत बसलं की काहीतरी नातं होतंच ना.

अशीच दुसरी जागा म्हणजे होलोनचं वुल्फसन हॉस्पिटल. तिथे डॉ. अमी कोहेन यांनी १९९५ मध्ये मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनचं काम सुरू केलं, सेव्ह अ चाइल्ड्स हार्ट, जगभरातून मुलं येतात पण त्यात पॅलेस्टिनी मुलांचा वाटा खूप मोठा. आणि फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स इस्रायल ही डॉक्टरांची संस्था, १९८८ पासून, डॉ. रुखामा मार्टन यांनी सुरू केलेली, यांचा फिरता दवाखाना वेस्ट बँकच्या गावांत जातो.

आता ७ ऑक्टोबर २०२३. हमासने त्या दिवशी गाझाच्या सीमेजवळची जी किबुत्झं, म्हणजे सामूहिक वस्तीची गावं, फोडली, बेएरी, नीर ओझ, तिथेच तर यातले काही ड्रायव्हर राहत होते. विव्हियन सिल्वर, वय ७४, कॅनडात वाढलेल्या, आयुष्य शांततेच्या कामात घातलेलं, गाझाचे पेशंट हॉस्पिटलला न्यायच्या, तीनच दिवस आधी जेरुसलेमला पॅलेस्टिनी बायकांसोबत मोठी सभा घेतली होती. त्यांना बेएरीच्या घरात मारलं, आणि पाच आठवडे सगळ्यांना वाटत होतं की त्या ओलीस आहेत. नीर ओझचे ओदेद लिफशित्झ, वय ८३, तेही बायकोबरोबर पेशंट सोडायचे, दोघांनाही पळवून नेलं, बायको योखेवेद सोळा दिवसांनी सुटल्या, ओदेद यांचा मृतदेह फेब्रुवारी २०२५ मध्ये परत आला. आणि एरेझ, जिथून पेशंट यायचे ते गेटसुद्धा हमासने त्याच दिवशी फोडलं. म्हणजे स्वतःच्याच कॅन्सरच्या मुलांची वाट त्यांनी मोडली, हे बोललंच पाहिजे, याला मी कसलंही पांघरूण घालणार नाही.

यानंतर रोड टू रिकव्हरीतल्या काही लोकांनी काम सोडलं, त्यांना मी नावं ठेवणार नाही, कोण ठेवेल. पण बाकीचे वेस्ट बँकच्या चेकपोस्टवर पुन्हा जायला लागले.

आता मधेच एक चिठ्ठी आलीय, वाचतो, "पण इस्रायल सरकारने गाझात हजारो ट्रक पाठवले, त्याबद्दल तुम्ही का बोलत नाही?" बोलतो ना, त्यासाठीच आलोय.

ट्रक गेले, हे खरं. पण त्यातला मदतीचा माल कोणाचा, तर बहुतेक सगळा युनोच्या संस्थांचा, अमेरिकेचा, जॉर्डनचा, अमिरातीचा, इजिप्तचा. आपल्या भारताचंसुद्धा विमान ऑक्टोबर २०२३ मध्ये इजिप्तच्या अल अरिशला उतरलं, साडेसहा टन औषधं आणि ३२ टन इतर सामान घेऊन. हा माल केरेम शालोमला, म्हणजे इस्रायल-गाझा सीमेवरच्या मालाच्या गेटला येतो, तिथे पॅलेट उतरवायची, स्कॅन करायची, मग गाझाच्या बाजूच्या दुसऱ्या ट्रकवर चढवायची. इस्रायल करतं काय, तर तपासतं आणि गेट उघडतं. विहिरीकडे जायची एकुलती एक वाट तुमच्या शेतातून जात असेल, दोर-बादली दुसऱ्याची, शेंदणारा दुसरा, तर वाट मोकळी ठेवली म्हणून पाणी तुम्ही पाजलं असं होत नाही, पण वाट अडवलीत तर तहानेची जबाबदारी मात्र तुमची.

आणि वाट अडवली गेली. युद्धाआधी रोज साधारण ५०० ट्रक जायचे, ९ ऑक्टोबर २०२३ ला संरक्षणमंत्री गॅलंट यांनी संपूर्ण वेढा जाहीर केला, वीज नाही, अन्न नाही, इंधन नाही. २१ ऑक्टोबरला इजिप्तकडच्या राफाह गेटमधून पहिले ट्रक गेले ते फक्त २०. अश्दोदचं घ्या, हे आपल्या ओळखीचं गाव आहे, कोकणातून गेलेली बेने इस्रायल मंडळी तिथे आहेत, घरात अजून मराठी बोलणारी. त्या अश्दोदच्या बंदरात २०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या पैशाचं पीठ पडून राहिलं, कारण ते युनोच्या पॅलेस्टिनी निर्वासित संस्थेकडे जाणार होतं आणि अर्थमंत्री स्मोट्रिच यांनी अडवलं. मग २ मार्च २०२५ पासून तर पूर्ण बंद, ११ आठवडे काहीही आत नाही. मेमध्ये नवी वाटप केंद्रं सुरू झाली, अमेरिका-इस्रायलच्या पाठिंब्याची, तिथे धान्य आणायला गेलेले शेकडो लोक गोळीबारात मेले, आणि २२ ऑगस्ट २०२५ ला उपासमार मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने गाझा शहराच्या भागात दुष्काळ जाहीर केला.

इस्रायल सरकारचं म्हणणंही सांगायला हवं. ते म्हणतात दुष्काळ नाहीच, हमास माल पळवतं, युनो गेटवर पडलेला माल उचलत नाही. यातलं काही खोटं नाही, लुटालूट झाली, आणि मे २०२४ मध्ये हमासने केरेम शालोमजवळच रॉकेट टाकून सैनिक मारले. पण हे सगळं मान्य करूनही ११ आठवडे बाळांचं दूध कसं बंद करता येतं, मला कोणी समजावून सांगितलेलं नाही. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात लिहिलंय की ताबा असलेल्या सत्तेने तिथल्या लोकांना अन्न-औषध पोचेल हे बघायचं, इस्रायल म्हणतं २००५ ला आम्ही गाझातून निघालो, आमचा ताबा नाही, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्ला देताना सांगितलं की मदत पोचू देणं हे इस्रायलचं बंधन आहे. बंधन आहे म्हणजे उपकार नाही, आणि उपकार नाही तर कौतुकाचे आकडेही नकोत.

ठरवलं तर होतं की. ऑगस्ट २०२४ मध्ये गाझात दहा महिन्यांच्या बाळाला पोलिओ झाला, २५ वर्षांतला पहिला. १ सप्टेंबरपासून लसीकरण, डोस केरेम शालोममधूनच आत आले, भागाभागाने काही तास लढाई थांबवली, दोन्ही बाजूंनी, आणि पहिल्या फेरीत साडेपाच लाखांहून जास्त मुलांना थेंब पाजले. पाजणारे गाझातलेच कर्मचारी, जे स्वतः तंबूत राहत होते. तेच गेट, तेच सैन्य, तेच युद्ध, फक्त त्या वेळी वरून निर्णय झाला होता.

आणि निर्णय होत नसेल तेव्हा सामान्य माणूस किती करू शकतो हे तारकूमियाला दिसलं. मे २०२४ मध्ये जॉर्डनहून गाझाला निघालेले ट्रक तिथे काही इस्रायली आंदोलकांनी अडवले, पिठाची पोती फोडली, ट्रक पेटवले. तेव्हा स्टँडिंग टुगेदर नावाच्या संघटनेचे ज्यू आणि अरब इस्रायली तिथे जाऊन ट्रकांच्या आजूबाजूला उभे राहायला लागले, ह्यूमॅनिटेरियन गार्ड म्हणून. घरच्याच लोकांकडून देशद्रोही ऐकून घेत रस्त्यात उभं राहायचं. ही मला खरी इस्रायली मदत वाटते, आणि ती करणाऱ्यांना तिथल्या सरकारच्या खात्यात जमा करू नका, कारण त्यातले बरेच जण त्याच सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरत आलेत.

२०२५ च्या शेवटी परिस्थिती अशी होती की वेस्ट बँकचे पेशंट अजून रोड टू रिकव्हरीच्या गाड्यांतून जात होते पण गाझाचे नाही. त्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत गाझाबाहेर उपचाराला जायची वाट बघणारे १५ हजारांहून जास्त लोक होते, त्यात हजारो मुलं. पूर्व जेरुसलेमचं मकासेद, ऑगस्टा व्हिक्टोरिया ही हॉस्पिटलं गाडीने दीड-दोन तासांवर आहेत, कॅन्सरचे पेशंट युद्धाआधी तिथेच जायचे. त्याऐवजी देश शोधा, विमान शोधा, व्हिसा शोधा. इस्रायलमधल्याच मानवी हक्क संस्था, गिशा, हामोकेद, आणि मघाशी सांगितलेली फिरत्या दवाखान्याची डॉक्टरांची संस्था, गाझातून पेशंट बाहेर काढायची नीट सोय करा म्हणून त्यांच्याच हायकोर्टात गेल्या. आणि ही जुनी जेरुसलेमची वाट पुन्हा उघडा, असं जागतिक आरोग्य संघटना सारखं सांगतेय. तुमच्यापैकी ज्यांचे नातेवाईक अश्दोदला, लोदला, दिमोनाला आहेत त्यांनी फोनवर बोलताना या संस्थांची नावं घेऊन बघा, त्यांना माहीत असतात, आणि त्यांच्याकडून जे ऐकायला मिळेल ते व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा खूप जास्त असेल.

चला, प्रश्न घेऊया.