सरळ रेषेला शॉक

[पडद्यावर: मॉनिटरवर सरळ हिरवी रेषा. लांबलेला 'टीं...' आवाज.]

हा आवाज आला की मालिकेतला पॅरामेडिक, म्हणजे रुग्णवाहिकेवरचा वैद्यकीय कर्मचारी, विजेचा शॉक देणारे पॅडल उचलतो, "बाजूला व्हा!" ओरडतो, रुग्णाचं अंग उसळतं आणि रेषा पुन्हा नाचायला लागते. बाकी प्रेक्षकांचा जीव भांड्यात पडतो. ज्याचं पोट याच कामावर आहे, तो प्रेक्षक मात्र कपाळावर हात मारून घेतो.

सरळ रेषेला शॉक देतच नाहीत. कधी कधी हृदय नीट आकुंचन न पावता नुसतं थरथरत राहतं. त्याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. शॉक हा त्या विजेच्या गोंधळावरचा उपाय. एका फटक्यात गोंधळ थांबला, की हृदयाला आपला ठेका पुन्हा धरायला वाव मिळतो. रेषा सरळ झाली, म्हणजे थांबवायला काही उरलेलंच नाही. मग छातीवरचे दाब चालू ठेवायचे, शिरेतून १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन द्यायचं, दर ३ ते ५ मिनिटांनी पुन्हा द्यायचं आणि हृदय कशामुळे थांबलं ते शोधायचं. मालिकावाल्यांची अडचणही समजण्यासारखी आहे. फिब्रिलेशनची रेषा पडद्यावर गिचमिड दिसते; सरळ रेषा शेंबड्या पोरालाही कळते.

[जवळून: छातीवर ठेवलेले दोन तळहात. वाकलेली कोपरं.]

सगळ्यात जास्त बोलणी खातात ती ही कोपरं. खऱ्या सीपीआरमध्ये, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबताना, कोपरं ताठ, खांदे तळहातांच्या बरोबर वर. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर दाबानंतर पूर्ण वर आली पाहिजे. २ मिनिटांत दाबणाऱ्याची दमछाक होते, म्हणून हात बदलतात. पडद्यावर मात्र उशी थोपटल्यासारखं चाललेलं असतं. ही चूक आम्ही माफ करतो. खाली झोपलेला नट जिवंत आहे. खरे दाब दिले तर त्याची बरगडी मोडेल. जाणकार दिग्दर्शक खाली पुतळा ठेवतो आणि कॅमेरा दाबणाऱ्याच्या खांद्यांवर धरतो.

माफ न होणारी गोष्ट वेगळीच आहे: उठून बसणारा रुग्ण. १९९६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक पाहणी आली. तीन अमेरिकी मालिकांमधले सीपीआरचे प्रसंग मोजले, तर ७५ टक्के रुग्ण त्या वेळेपुरते तरी वाचले होते. प्रत्यक्षात, रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या दहांपैकी एखादाच घरी परततो. बऱ्याच ठिकाणी तोही नाही.

[पडद्यावर: लख्ख पेटलेली खोली. जवानाचा उघडा चेहरा.]

आगीचा प्रसंग आला की अग्निशमन दलातल्या प्रेक्षकांची कुरकुर सुरू होते. एवढं दिसतंय कसं? सेटवर गॅसचे बर्नर असतात. ज्वाळा स्वच्छ, धूर नावापुरता. खऱ्या घरात फोम, प्लॅस्टिक, रंग जळतात. धूर काळाकुट्ट, स्वतःचा हात दिसत नाही. माणूस गुडघ्यांवर, भिंत चाचपत पुढे सरकतो.

आणि मास्क कुठे आहे? मास्क लावला तर नट ओळखू येत नाही, संवाद घोगरा होतो, म्हणून तो गळ्यात लटकतो. मास्कला हवा पुरवणाऱ्या, पाठीवरच्या ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने भरलेली हवा कागदावर पाऊण तास पुरते. पाण्याचा होज ओढत जिना चढणारा ती निम्म्या वेळात संपवू शकतो. युरोपीय मानकाच्या श्वसनसंचात दाब ५५ बारच्या आसपास आला की शिटी वाजते. खरं तर त्याच्या आधीच परत फिरायला हवं. एवढा ताण आयता हाताशी असताना लेखक छत कोसळवत का बसतात, हे कोडंच आहे.

लाथ मारून दार उघडण्याचा शॉटही तसाच. बंद खोलीतली आग प्राणवायूवाचून मंदावलेली असते, पण तापलेला धूर हेच इंधन. दार सताड उघडलं की हवा आत घुसते आणि खोलीभर भडका उडतो. म्हणून आधी होजमध्ये पाणी, नोझल उघडून खात्री, मग दार थोडंसंच. आत गेल्यावर एकजण ते धरून ठेवतो.

१९७२ मध्ये अमेरिकेत एनबीसीवर 'इमर्जन्सी!' सुरू झाली, तेव्हा पॅरामेडिक हा शब्दच बऱ्याच प्रेक्षकांना नवा होता. तिच्यातले पॅरामेडिक रेडिओवरून रुग्णालयाला नाडी, रक्तदाब सांगतात आणि हुकूम मिळाला की मगच सलाईन लावतात. आजच्या मानाने संथ, पण कामाचा क्रम तोच.

[पडद्यावर: पाळी बदलते आहे. उघडी औषधपेटी.]

पाळीच्या सुरुवातीचं काम मात्र मालिकांत क्वचितच दिसतं: सिलिंडरचा काटा वाचणं, मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का बघणं, घशात नळी घालताना वापरायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लावून विझवणं, अ‍ॅड्रेनलिनच्या काचकुप्या एकेक उचलून तारीख वाचणं.