रिकामी जागा, चुरशीची लढत : पोटनिवडणुकीत नजर कुठे ठेवायची

श्रोतेहो, नमस्कार.

आमदाराचं निधन होतं, कुणी राजीनामा देतं, कुणी अपात्र ठरतं आणि विधानसभेतली एक जागा रिकामी होते. आधीचा आमदार रिंगणात नसल्यामुळे सगळेच पक्ष हात आजमावतात, लढत चुरशीची होते. सभा, रोड शो आणि आरोप-प्रत्यारोपांबद्दल तुम्ही रोज ऐकता. आज ज्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही त्याबद्दल बोलायचं आहे, म्हणजे कागद, मुदती आणि यंत्रं. फरक थोड्या मतांचा असला की निकालाचा भरवसा याच गोष्टींवर उभा राहतो.

पहिली मुदत जागा रिकामी झाल्या दिवसापासून धावायला लागते. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १५१-अ. सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यायची, असं हे कलम सांगतं. अपवाद दोनच. उरलेला कार्यकाळ एका वर्षापेक्षा कमी असला तर, किंवा या मुदतीत निवडणूक घेणं अवघड आहे असं निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित केलं तर. ऐकायला सरळ वाटतं, पण कज्जे इथेच होतात. काटोलची २०१९ ची पोटनिवडणूक जाहीर झाल्यावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केली, अकोला पश्चिमची मार्च २०२४ मध्ये रद्द केली. दोन्हीकडे मुद्दा एकच होता, निवडून येणाऱ्याला वर्षभरही मिळणार नव्हतं. पुणे लोकसभेचं उलट झालं. खासदार गिरीश बापट यांचं निधन २९ मार्च २०२३ रोजी झालं, वर्षाहून जास्त कार्यकाळ शिल्लक होता, तरी पोटनिवडणूक लागली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती घेण्याचा आदेश दिला, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि एवढं मोठं शहर सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत खासदाराविना राहिलं. जागा रिकामी राहणं हे मतदारांचं नुकसान आहे. म्हणून सहा महिन्यांची तारीख कॅलेंडरवर आपणच मांडून ठेवावी आणि ती जवळ आली की विचारणा करावी.

अधिसूचना निघाली की वेळापत्रक कायद्यानेच बांधलेलं असतं. सुट्ट्या मध्ये नाहीत असं धरू. १ तारखेला अधिसूचना निघाली तर ८ तारखेला अर्जाची मुदत संपते, ९ ला छाननी, ११ ला माघारीचा शेवटचा दिवस आणि मतदान २५ तारखेच्या आधी घेता येत नाही. मतदारयादीत नाव घालायची दारंही ८ तारखेलाच बंद होतात. पण फॉर्म ६, म्हणजे नाव नोंदवायचा अर्ज, भरल्यावर हरकतींसाठी काही दिवस जातात, म्हणून शेवटच्या दिवशी भरलेला अर्ज वाया जातो. निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला त्याच दिवशी यादीत नाव तपासा. पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८. घरात ८५ वर्षांवरचं कुणी असेल किंवा ४० टक्के आणि त्याहून जास्त अपंगत्व असेल, तर घरून मतदानासाठी फॉर्म १२-डी अधिसूचनेपासून ५ दिवसांत बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, गेला पाहिजे. ही मुदत सगळ्यात जास्त लोकांची हुकते.

आता उमेदवारी अर्ज. वेळ सकाळी ११ ते दुपारी ३. विधानसभेसाठी अनामत १० हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५ हजार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवणारा मतदार, पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. अपक्षांचे अर्ज बाद होतात ते बहुतेक वेळा इथेच. दहापैकी एकाचं नाव शेजारच्या मतदारसंघाच्या यादीत निघतं आणि अख्खा अर्ज जातो. एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात ते याचसाठी. शहाणा उमेदवार प्रत्येक संचात वेगळे सूचक घेतो. सूचक अंगठा लावणार असेल तर तो अधिकाऱ्यासमोरच लावायचा, घरून लावून आणलेला चालत नाही.

पक्षाच्या उमेदवाराचं दुखणं वेगळं. त्याचा जीव एबी फॉर्ममध्ये, म्हणजे ‘हा आमचा अधिकृत उमेदवार’ असं सांगणाऱ्या पक्षाच्या कागदात, अडकलेला असतो. शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचला पाहिजे, तोही शाईने सही केलेला मूळ कागद. झेरॉक्स किंवा मोबाईलवरचा फोटो चालत नाही. तिकिटाचा घोळ शेवटच्या रात्रीपर्यंत चालतो, गाडी अडकते, फॉर्म ३ वाजून ५ मिनिटांनी येतो. त्या उमेदवाराने अर्जावर एकच सूचक घेतला असेल तर तो अपक्ष म्हणूनही उभा राहू शकत नाही, अर्ज सरळ बाद. म्हणून पक्षाचं तिकीट हमखास असलं तरी एका संचात दहा सूचक घालून ठेवावेत.

तिसरा कागद म्हणजे फॉर्म २६, शपथपत्र. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण, सगळं यात असतं. एकही रकाना कोरा ठेवायचा नाही, काही नसेल तर ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहायचं. सप्टेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं. कोरा रकाना दिसला तर अधिकारी नोटीस देतो आणि छाननीपर्यंत दुरुस्त शपथपत्र आलं नाही तर अर्ज बाद होऊ शकतो. उलट, यादीतला अनुक्रमांक चुकला, नावात एखादी वेलांटी इकडची तिकडे झाली, एवढ्यावरून अर्ज बाद करता येत नाही. क्षुल्लक चुकीवरून अर्ज फेटाळू नये असं कायदाच सांगतो. छाननीला बसणाऱ्या प्रतिनिधीला हे माहीत नसलं तर तो घाबरून गप्प बसतो.

माघारीचे दोन दिवस बाहेरून शांत दिसतात, पण निवडणूक कित्येकदा तिथेच आकार घेते. चिंचवडची २०२३ ची पोटनिवडणूक पाहा. विजयी उमेदवाराचं मताधिक्य सुमारे ३६ हजार आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या अपक्षाची मतं सुमारे ४४ हजार. तो रिंगणात राहिला हीच त्या लढतीतली मोठी घटना होती. आणि तरीही त्याची अनामत जप्त होण्याइतकीच ती मतं होती, कारण अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात. या हिशेबात नोटा धरत नाहीत. माघारीबद्दल एवढंच सांगतो, ती लेखी द्यावी लागते, शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंतच घेतली जाते आणि एकदा दिली की परत घेता येत नाही.

मतदानाच्या दिवसावर मात्र थोडं थांबू या.

मतदान ७ वाजता सुरू होणार असेल तर केंद्रावरचं काम ५.३० ला सुरू होतं. तेव्हा मॉक पोल, म्हणजे यंत्र तपासण्यासाठी चाचणी मतदान, होतो. उमेदवारांचे प्रतिनिधी आले नसतील तर केंद्राध्यक्ष १५ मिनिटं वाट बघतो आणि पुढे जातो. कमीत कमी ५० मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराला आणि नोटालाही. कुणी कुणाला किती दिली हे कागदावर लिहायचं. मग कंट्रोल युनिटवर, म्हणजे मतं साठवणाऱ्या यंत्रावर, क्लोज, रिझल्ट, क्लिअर, याच क्रमाने. निकाल कागदाशी ताडायचा, व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातल्या, स्लिपा काढून मोजायच्या, त्यांच्या मागे मॉक पोलचा शिक्का मारायचा आणि काळ्या लिफाफ्यात सील करायच्या. इतकं झाल्यावर टोटलचं बटण दाबून शून्य दिसतं का, हे प्रत्येक प्रतिनिधीने स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

घोटाळा इथेच होतो. घाई असते, बाहेर रांग वाढत असते आणि क्लिअर दाबायचं राहून जातं. किंवा यंत्र क्लिअर होतं, पण स्लिपा व्हीव्हीपॅटच्या पेटीतच राहतात. दिवसभर कुणाला पत्ता लागत नाही. संध्याकाळी नोंदवहीत ६१२ मतदार आणि यंत्रात ६६२ मतं दिसतात, आणि लगेच गावात बोभाटा सुरू होतो की मतं वाढवली. ती वाढलेली पन्नास मतं पहाटेचीच असतात. अशा केंद्राचं यंत्र मोजणीत बाजूला ठेवतात आणि मताधिक्य त्या केंद्रांच्या एकूण मतांइतकं किंवा त्याहून कमी असेल तर त्यांच्या व्हीव्हीपॅट स्लिपा मोजतात. चुरशीच्या लढतीत सकाळचं एक चुकलेलं बटण निकाल तासन्‌तास अडकवू शकतं.

व्हीव्हीपॅट उजेडाच्या बाबतीत नाजूक असतं. मे २०१८ मध्ये भंडारा-गोंदिया लोकसभेच्या पोटनिवडणुकीत यंत्रं इतकी अडली की ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. जास्त प्रखर उजेड थेट सेन्सरवर पडणं हे एक कारण आयोगाने सांगितलं. म्हणून यंत्र खिडकीसमोर किंवा दिव्याच्या बरोबर खाली मांडायचं नाही. मतदान सुरू झाल्यावर नुसतं व्हीव्हीपॅट बिघडलं तर तेवढंच बदलतात. कंट्रोल युनिट किंवा मतदार बटण दाबतो ते बॅलेट युनिट बिघडलं तर तिन्ही यंत्रांचा अख्खा संच बदलतात आणि नव्या संचावर प्रत्येक उमेदवाराला एकेक मत टाकून पुन्हा मॉक पोल घेतात. मतदारासाठी सांगायचं तर स्लिप काचेमागे ७ सेकंद दिसते, बटण दाबून लगेच वळू नका. स्लिपवर भलतंच चिन्ह दिसलं अशी तक्रार असेल तर लेखी द्यावी लागते, मग सगळ्यांसमोर चाचणी मत टाकतात. तक्रार खोटी ठरली तर शिक्षेची तरतूद आहे, तेव्हा खात्री असेल तरच बोलायचं, पण खात्री असेल तर जरूर बोलायचं.

आपल्या नावावर आधीच कुणी मतदान करून गेलं असेल तर भांडून घरी जाऊ नका. ओळख पटवा आणि प्रदत्त मत मागा. ते यंत्रावर नसतं, कागदी मतपत्रिकेवर असतं, वेगळ्या लिफाफ्यात राहतं आणि मोजणीच्या दिवशी मोजलं जात नाही. मग उपयोग काय, असं लोक विचारतात. राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात २००८ मध्ये सी. पी. जोशी ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६ असे एका मताने हरले. प्रकरण न्यायालयात गेलं आणि प्रदत्त मतांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. त्या वेळी तो लिफाफा सोन्याच्या मोलाचा होता.

मतदान संपण्याच्या वेळी जे रांगेत उभे आहेत त्यांना चिठ्ठ्या वाटतात, रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे. चिठ्ठी असेल तर कितीही वाजले तरी मत देता येतं. नंतर केंद्राध्यक्ष क्लोज दाबतो आणि फॉर्म १७ सी भरतो. प्रतिनिधीचं दिवसभराचं सगळ्यात मोलाचं काम हेच, हा कागद सही करून हातात घेतल्याशिवाय केंद्र सोडायचं नाही. त्यावर एकूण मतं असतात, यंत्रांचे क्रमांक असतात, कागदी सीलचे क्रमांक असतात. जो पक्ष सगळ्या केंद्रांचे १७ सी त्याच रात्री गोळा करून बेरीज करतो, त्याला मोजणीच्या टेबलावर अफवेवर विसंबावं लागत नाही.

मोजणीला साधारण १४ टेबलं असतात. २८० केंद्रं असतील तर २० फेऱ्या. सकाळी ८ वाजता आधी टपाली मतं, अर्ध्या तासाने यंत्रं. प्रत्येक कंट्रोल युनिट आलं की निकालाआधी त्याचा क्रमांक, सील आणि एकूण मतं १७ सी शी जुळवायची. बहुतेक मोजणी प्रतिनिधी नुसते आकडे लिहून घेतात, ताडून बघायला विसरतात. शेवटी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट स्लिपा मोजतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हा आकडा एकवरून पाचवर नेला.

टपाली मतांकडे दुर्लक्ष करू नका. मुंबई वायव्य लोकसभेचा २०२४ चा निकाल ४८ मतांनी लागला. पंढरपूर-मंगळवेढ्याची २०२१ ची पोटनिवडणूकही ३,७३३ मतांवर आली होती. टपाली मत बाद होतं ते बहुधा मतपत्रिकेपेक्षा लिफाफ्यामुळे. १३-ए हे घोषणापत्र जोडलेलं नसतं, त्यावर साक्षांकन नसतं, किंवा त्यावर लिहिलेला मतपत्रिकेचा क्रमांक आतल्या लिफाफ्यावरच्या क्रमांकाशी जुळत नाही. घोषणापत्रात चूक असेल तर आतला लिफाफा उघडतच नाहीत. मताधिक्य बाद झालेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती सगळी बाद मतं पुन्हा तपासली जातात.

बेरीज वाचून झाल्यावर निवडणूक निर्णय अधिकारी क्षणभर थांबतो. फेरमोजणी मागायची ती याच वेळी, लेखी आणि कारणासह. ‘आम्हाला शंका आहे’ हे कारण नाही. ‘अमुक टेबलावर, अमुक केंद्राची बेरीज १७ सी शी जुळत नाही’ हे कारण आहे. निकाल जाहीर झाला की ही वाट बंद होते, मग ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका एवढंच उरतं. यंत्राच्या मेमरीची तपासणी दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर ७ दिवसांत मागता येते, ५ टक्के यंत्रांपुरती. हे सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२४ च्या निकालपत्राने दिलेलं आहे.

राहिला खर्च. आपल्या राज्यात विधानसभेच्या उमेदवाराची मर्यादा ४० लाख रुपये आहे. त्यासाठी वेगळं बँक खातं अर्ज भरण्याच्या आदल्या दिवसापर्यंत उघडावं लागतं आणि एका माणसाला १० हजारांपेक्षा जास्त रोख देता येत नाही. निकालापासून ३० दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो, हरलेल्यांनीही. न देणाऱ्याला तीन वर्षं अपात्र ठरवता येतं. हे हिशेब कुणालाही बघता येतात, नियमात त्याची फी १ रुपया आहे. तुमच्या मतदारसंघात गाजलेल्या सभेच्या मांडवाचा, खुर्च्यांचा, गाड्यांचा खर्च किती दाखवलाय, ते जाऊन बघा.

नमस्कार.