दोरीचे खालचे टोक

(पंचवटी. पहाटेचा उजेड गोदावरीच्या पाण्यावर नुकताच उतरला आहे.)

रामकुंडावर पहिल्या आंघोळी सुरू होतात, तेव्हा पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात तीन भावंडे आधीच जागी झालेली असतात. त्यांतली मोठी पंधरा वर्षांची आहे आणि यंदा दहावीत आहे. धाकटी दोघे तिला ताई म्हणतात आणि शेजारपाजारचेही आता तेच म्हणू लागले आहेत. अल्पवयीन मुलीचे नाव सांगायचे नाही असे आम्ही चित्रीकरणाआधीच ठरवले होते, त्यामुळे या निवेदनातही ती ताईच राहील. तिच्याहून मोठा एक दादा आहे. तो या दृश्यात नाही, कारण अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली त्याची रात्रपाळी अजून सुटायची आहे.

(चौकाच्या मधोमध टांगलेली दोरी. तिचे खालचे टोक वाऱ्याने हलते आहे.)

ही दोरी सुती आहे, अंगठ्याएवढी जाड आहे आणि जिथे हात व पाय सतत लागतात तिथे काळवंडलेली आहे. वरच्या मजल्याच्या सागवानी तुळईला ती बांधली दादाने, आणि ती तुळई माणसाचा भार पेलेल याची खात्री करून घेतली आजोबांनी. त्यासाठी ते स्वतः दोरीला लोंबकळले होते, असे घरात अजून हसत सांगतात. दोरीचा मल्लखांब म्हणजे अशा टांगलेल्या दोरीवर चढून आसने करण्याचा खेळ, आणि त्याला उंच छत लागते. वाड्याच्या चौकात ते मिळते, तालमीत मिळते. वाडे पाडून उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या खोल्यांत मात्र पंख्याच्या हुकाला दोरी टांगून हा खेळ होत नाही, याचा विचार नकाशे काढताना कोणी करत असेल असे वाटत नाही.

(पायाचा अंगठा अगदी जवळून.)

या खेळाची सारी भिस्त पायाच्या अंगठ्यावर असते. अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात दोरी धरायची, त्या पकडीवर शरीर वर उचलायचे, मग दोरीचा वेढा मांडीभोवती, कमरेभोवती किंवा काखेतून असा घ्यायचा की हात सोडले तरी शरीर जागचे हलू नये. गाठ मारायची नाही. वेढा आणि स्वतःचा भार एवढ्याच दोन गोष्टींवर दोरीवरचे पद्मासन उभे राहते. ताईच्या उजव्या पायाच्या बेचक्यात हरभऱ्याच्या दाण्याएवढा घट्टा आहे. रोज रात्री ती त्यावर खोबरेल तेल चोळते, कारण घट्टा कोरडा पडून चिरला की पुढचा आठवडा वाया जातो. नवी दोरी आणली की पहिले काही दिवस कातडी सोलवटते, म्हणून आधी ती दोरी चौकाच्या खांबाला घासून मऊ करतात. हे काम धाकट्या दोघांचे, आणि त्या कामावरून होणारे भांडणही त्यांचेच.

(सप्तशृंगगडाचा कडा. खाली दरीत धुके.)

मल्लखांब नाशिकला परका नाही. बाराव्या शतकातला चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख येतो. त्यानंतर ही विद्या जवळजवळ विस्मृतीत गेली आणि तिला पुन्हा उभारी मिळाली ती दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात. सर्वत्र सांगितली जाणारी कथा अशी, की निजामाच्या राज्यातले अली आणि गुलाब हे दोन पहिलवान पेशव्यांच्या दरबारात आव्हान घेऊन आले, ते स्वीकारले बाळंभटदादा देवधर या तरुणाने, आणि तयारीसाठी मुदत मागून तो थेट आपल्या जिल्ह्यातल्या या सप्तशृंगगडावर येऊन राहिला. इथे त्याने देवीची उपासना केली आणि प्रत्यक्ष मारुतीने लाकडी खांबावर त्याला कुस्तीचे डाव दाखवले, असे श्रद्धेने सांगितले जाते. मारुतीचे राहू द्या. पण माकड झाडाला कसे बिलगते, निसटते आणि पुन्हा पकड घेते हे इथे अर्धा तास बसून पाहिले, तर या कथेचा उगम कुठे असावा हे कळते. बाळंभटदादांनी अलीला हरवले आणि गुलाबने कुस्तीलाच नकार दिला, इथे ही कथा संपते. पुढे त्यांच्या शिष्यपरंपरेने ही विद्या काशीपर्यंत नेली. दोरीचा प्रकार मूळचा वेताचा, आणि चांगला वेत मिळेनासा झाला तेव्हा त्याची जागा दोरीने घेतली, असे या खेळातले जुने लोक सांगतात.

खांब मुलांचा आणि दोरी मुलींची, अशी वाटणी बराच काळ चालत आली. आता मुली खांबावरही चढतात. २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि पुढे मुंबईच्या हिमानी परब हिला या खेळासाठी अर्जुन पुरस्कार मिळाला; त्या बातमीचे कात्रण ताईच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेले आहे.

(वहीची पाने एकामागून एक उलटतात.)

या वहीविषयी थोडे सांगावे लागेल, कारण आमच्या मते ताईचे खरे कौशल्य जितके दोरीवर आहे तितकेच या वहीत आहे. दोनशे पानी, शाळेची जुनीच वही आहे. मागच्या बाजूला अजून भूमितीची प्रमेये आहेत. शिकलेली प्रत्येक अढी म्हणजे पायांची पकड, प्रत्येक वेढा आणि प्रत्येक उतरती तिने काड्यांच्या माणसांनी काढून ठेवली आहे, पाच-सहा चित्रांत एक हालचाल, आणि दोरी कुठून कुठे जाते हे तांबड्या पेनाने. बाण काढतो तो अकरा वर्षांचा धाकटा भाऊ. आठ वर्षांच्या धाकटीला पाठ्यनावे पटत नाहीत, म्हणून ती स्वतःची नावे देते. उलटे लटकून हात पसरण्याला तिने ‘वाघूळ’ म्हटले आहे, आणि निद्रासनासमोर ‘बाबा रविवारी’ असे लिहिले आहे. तालमीतल्या सरांनी ही वही एकदा मागून नेली आणि नव्या मुलींना त्यातूनच शिकवले. परत आली तेव्हा ‘वाघूळ’ हे नाव तालमीत रुळलेले होते.

(दादाचा जुना फोटो. एरंडेल तेलाने चकाकणारा पुरलेला खांब, त्यावर तो.)

ताईला दोरीवर आणले दादाने. तो स्वतः खांबावरचा खेळाडू होता. आयटीआयनंतर नोकरी लागली, पाळ्या सुरू झाल्या आणि त्याचा खेळ सुटला. मात्र ताईच्या सरावाला दोरीचे खालचे टोक धरायला तो दोन वर्षे न चुकता उभा राहिला. शिकताना खाली कोणीतरी टोक ताणून धरले की दोरी स्थिर राहते आणि वरच्या माणसाला धीर येतो. दादाच्या हातात दोरी लोखंडी गजासारखी ताठ उभी राहत असे.

त्याची रात्रपाळी लागल्यावर टोक धाकट्याच्या हातात आले. त्याचे वजन ते काय! ताईने वर पलटी घेतली की खाली हा अर्धा पाऊल ओढला जायचा, दोरी झुलायची आणि ताईची पकड सुटायची. पहिला महिना गादीवर पडण्यातच गेला. तिने त्याला रागावून पाहिले, त्याने कमरेला वाळूची पिशवी बांधून पाहिली, आणि शेवटी झुलत्या दोरीवरच वेढा घेण्यावाचून इलाज उरला नाही. स्पर्धेत दोरीचे टोक कोणीच धरत नसते, ती मोकळीच झुलते, हे तिला स्पर्धेत उतरल्यावर आठवले. इतर मुली झोका थांबण्याची वाट पाहत होत्या. ताई झोक्यातच चढली.

यंदाच्या विभागीय शालेय स्पर्धेत तिला दुसरा क्रमांक मिळाला, राज्य स्पर्धेसाठी निवड झाली, तिथून ती पदकाशिवाय परत आली, आणि त्या गडबडीत सराव परीक्षेतले तिचे गणित घसरले.

(रविवार. चौकात चौघे. जुन्या गाद्या पसरल्या आहेत.)

आज दादाला सुटी आहे. टोक पुन्हा त्याच्या हातात आहे आणि दोरी पूर्वीसारखी ताठ आहे. ताई अर्ध्यावर चढते, थांबते आणि वरूनच म्हणते, “दादा, एवढी घट्ट नको धरूस, मला हलताच येत नाही.” तो थोडी सैल सोडतो. ती म्हणते, “अजून.” धाकटा शेजारी उभा राहून त्याला हात कुठे ठेवायचा ते दाखवतो, आणि दादा मुकाट्याने तसे करतो.

त्यानंतर धाकटीची पाळी येते. तिच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोरी अजून थांबत नाही, निसटते. ताई खाली बसून तिची दोन बोटे दोरीभोवती आपल्या हाताने दाबून धरते आणि दहापर्यंत मोजायला सांगते. सहाला पकड सुटते. धाकटी पुन्हा एकपासून सुरू करते. तोवर गाद्या उचलण्याची पाळी आज कोणाची, यावरून मागे दोघा भावांचे वाजलेले आहे.