मालिशीनंतरचा तास

(मालवणात घरगुती न्याहारी-निवास चालवणाऱ्या कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय ‘प्रवासात मालिश ठरवताना काय पाहावं’ असा छापलाय. ते मी सांगणारच आहे. पण कुडाळला फिजिओथेरपीचं काम करून मला बत्तीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट मनात घट्ट बसलीय. ती आधी बोलू द्या. मालिश ज्या तासात होते, त्याच्यापेक्षा तिच्यानंतरचा तास मोलाचा असतो. आपल्या किनाऱ्यावर येणारा पाहुणा तो तास मागत नाही आणि आपणही तो देत नाही.

इथे बाळंतपणात मालिश करून घेतलेल्या किती जणी आहेत? हात वर करा. बघा, जवळपास सगळ्याच. आता पुरुषांनी पण हात वर करा. तुम्हालाही झाली होती, दोन महिन्यांचे असताना, आणि तुम्ही सगळी वाडी ऐकेल असे रडला होतात!

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, आचऱ्याकडे. मालिश करायला यायच्या त्या काकींचं वय तेव्हा साठीच्या पुढे असेल. त्या आल्या की आधी चुलीशी जायच्या. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवायची, तेल मनगटावर टाकून बघायचं, मगच मला हाक. पाठ, कंबर, पोट, पाय, शेवटी तळवे. हात जड, पण घाई अजिबात नाही. मग न्हाणीघरात घंगाळातलं सोसेल तेवढं कढत पाणी. मग शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, कानात कापूस, डोक्याला फडकं आणि अंगावर गोधडी. मी पंचविशीतली, नवीन शिकून आलेली. मला वाटायचं, झालं ना आता, उठते. तर काकी म्हणायच्या, “उठा नको गो चेडवा, पडान ऱ्हव.”

आणि त्या स्वतः काय करायच्या? हे मला फार उशिरा लक्षात आलं. त्या पडवीत भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसायच्या. आई त्यांना चहा द्यायची. मी आत झोपलेली असायची आणि त्या बाहेर टेकलेल्या. तासाभराने त्या आत येऊन मला बघायच्या, मग तूप घातलेली गरम पेज, आणि मगच त्या दुसऱ्या घरी जायच्या. म्हणजे तो रिकामा तास दोघींचा होता. एकीच्या अंगात मालिश मुरत होती आणि दुसरीच्या हातांना विसावा मिळत होता.

आता दुसरी गोष्ट. ही जरा लांबेल, पण मला ती सांगायचीच आहे.

चार वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या बहिणीला साठ वर्षं पूर्ण झाली. ताई पुण्याहून आली, घाटातून गाडीत आठ-नऊ तास बसून. कंबर धरलेली. मी म्हटलं, तू आयुष्यभर सगळ्यांचं केलंस, आज तुझं कोणीतरी करू दे. किनाऱ्यावरच्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये दोन दिवस राहायचं ठरवलं आणि फोनवर दोघींसाठी नव्वद मिनिटांची मालिश बुक केली. रिसॉर्टचं नाव सांगत नाही. वेळ मिळाली दुपारी तीनची. मी विचारलं, सकाळी नाही का? नाही, सकाळ भरलीय. आता दुपारी तीन म्हणजे काय? एक-दीडला जेवणाचं ताट समोर आलं. सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. ताई पाच वर्षांनी कोकणात आलेली, ती ताट कसं सोडेल? आणि मला, जिने रोज पेशंटला सांगायचं की जेवणानंतर दोन तास थांबा, मला तिला थांबवायला जमलं नाही. तिची हौस होती.

तीनला गेलो. आधी फॉर्म, मग कपडे बदलणं, मग पाय धुणं. यात वीस मिनिटं गेली आणि ती नव्वदातलीच होती. खोलीत एसी असा लावलेला की अंगावर काटा आला. आणि तेल खोबऱ्याचं! आपल्याला माहीत आहे, खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठायला लागतं. थंडीत आपली बाटली सकाळी उन्हात ठेवावी लागते. त्या मुलीच्या हातात तेलाच्या बारीक गाठी येत होत्या आणि ती बिचारी तळहात एकमेकांवर घासून त्या विरघळवत होती.

मुलगी मिझोरामची. वय तेवीस-चोवीस. मी पालथी पडलेली, पण माझं लक्ष तिच्या हातांवर. बत्तीस वर्षांची सवय आहे, जात नाही. ती सगळा जोर अंगठ्यांवर घेत होती. अंगाचं वजन वापरत नव्हती, कोपर नाही, मनगटाच्या वरचा हात नाही, नुसते अंगठे. मी विचारलं, दुखतात का गं? ती हसली आणि म्हणाली, रात्री दुखतात. आजची कितवी मालिश? पाचवी. जेवलीस? नाही, साडेचारनंतर. पण साडेचार वाजता पुढचं बुकिंग होतं, कारण मधेच दारावर टकटक झाली आणि बाहेरून कोणीतरी म्हणालं, दहा मिनिटं.

नव्वद मिनिटांतली हाताची मिनिटं पन्नासही भरली नाहीत. कागदी रुमालाने तेल पुसलं आणि आम्ही बाहेर. बाहेर टळटळीत ऊन. आमची खोली वाळूच्या पलीकडे. ताईचे तळवे तेलकट, चप्पल सटकत होती, पोटात सुरमई, डोकं हलकं झालेलं. ती माझा दंड धरून चालत होती. खोलीवर पोहोचलो आणि पाचच मिनिटांत फोन, मॅडम, पाचला सनसेटची बोट आहे, येताय ना?

ताई गेली नाही. ती रडली. कंबर दुखत होती म्हणून नव्हे. ती म्हणाली, “मला वाटलं होतं आज कोणी मला उठवणार नाही.”

मंडळी, हे वाक्य मी तेव्हापासून बरोबर घेऊन फिरतेय. पाहुण्याला मालिशीतून हेच हवं असतं, फक्त बुकिंग करताना हे कोणी बोलत नाही.

यामागचं कारण सोपं आहे. तासभर पडून राहिल्यावर नाडी मंदावते, रक्तदाब जरा उतरतो. लगेच उभं राहिलं तर चक्कर येते. आपल्या कातडीत असे मज्जातंतू आहेत, जे हळू फिरणाऱ्या हातालाच नीट ओळखतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतक्या वेगाचा हात त्यांना कळतो, त्याहून घाईचा नाही. आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवते तो साधारण तोच वेग. म्हणून घाईच्या मालिशीने स्नायू मोकळे होतीलही, पण मन निवत नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, मालिशीने शरीरातली विषं बाहेर पडतात असं जे कार्डावर छापतात, ते मला पटत नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंड करतात. मालिशीने माणूस सैल होतो, झोप लागते, आखडलेलं सुटतं. तेवढं पुष्कळ आहे. खोटी भर घालू नका.

आपल्या जुन्या वैद्यांना हे ठाऊक होतं. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग रोज करावा असं आहे, आणि डोकं, कान, पाय यांना विशेष करावा असं आहे. पुढे लगेच हेही आहे की अजीर्ण झालेल्याने करू नये. म्हणजे सुरमईचा प्रश्न तेव्हाच सुटला होता.

आणखी एक सांगते, मला फार आवडतं ते. मेन्यूकार्डावर ‘स्वीडिश मसाज’ वाचून आपली माणसं उगाच दबतात. लांब हात फिरवणं, मळणं, थोपटणं, हेच ते. काकी तेच करायच्या. आणि समुद्रकिनारी जाऊन पैसे देऊन मालिश करून घ्यायची हौस इंग्रजांना लावली कोणी? शेख दीन मोहम्मद यांनी, 1759 साली पाटण्यात जन्मलेला माणूस. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडातल्या ब्रायटनच्या किनाऱ्यावर त्यांनी वाफेचं स्नान आणि चंपी सुरू केली. राजा चौथा जॉर्ज त्यांच्याकडून चंपी करून घ्यायचा. ‘शाम्पू’ हा शब्द आपल्या चंपीतूनच तिकडे गेला. तर पाहुण्यासमोर मालिशीचं नाव काढताना संकोच करू नका. दिवाळीला, आपल्या चावदिसाला, पहाटे तेल लावून न्हायला घालणारी माणसं आहोत आपण.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत. म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता भरभर.

तुम्ही स्वतः प्रवासाला गेलात तर मालिश शेवटच्या दिवशी ठेवू नका. सगळे तसंच करतात, किल्ला झाला, डॉल्फिन झाले, देवबागचा संगम झाला, गाडीला दोन तास आहेत, चला मसाज. पोहोचलात त्याच संध्याकाळी घ्या, जेवणाआधी, आणि नंतर काहीही ठरवू नका. रात्रीच्या कोकणकन्येने येणाऱ्याने सकाळी थोडं झोपून मग घ्यावी. फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा, की साठ मिनिटांत हाताची मिनिटं किती? दुसरा, संपल्यावर तिथेच अर्धा तास पडायला जागा आहे का? तिसरा, करणाऱ्या व्यक्तीला माझ्याआधी आणि नंतर किती वेळ मोकळा आहे? हा तिसरा प्रश्न ऐकून समोरचा गोंधळेल. तरीही विचारा. पाच जणांनी विचारला की वेळापत्रक बदलतं.

तेल कोणतं आणि कोमट करता का, बाई करणार की पुरुष, खोलीला आतून कडी आहे का, आंघोळीला गरम पाणी आहे का, हे सगळं आधीच. कुठे हात नको ते सुरुवातीलाच सांगा, आणि मधेच थांबवावंसं वाटलं तर थांबवा, पैसे दिलेत म्हणून सोसू नका. तिळाची किंवा कसली ॲलर्जी असेल तर मनगटाच्या आत थोडं लावून बघा. दिवस गेले असतील, ताप असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टर. मधुमेहाने पाय बधिर असतील तर जोर नको आणि गरम तेल तर नकोच.

हे दोन मुद्दे मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली असेल, दुखत असेल, गरम लागत असेल, तर ती अजिबात चोळू नका. आत रक्ताची गाठ असू शकते. सरळ दवाखाना. आणि तारकर्लीत स्कूबा करून आलेल्याला त्याच दिवशी जोराची मालिश नको. खोल पाण्यातून वर आल्याचा काही त्रास झाला असेल तर त्याची पहिली खूण सांधेदुखी असू शकते. मालिशीचं दुखणं कुठलं आणि ते कुठलं, मग कळत नाही. डायव्हिंग आणि मालिश यांत एक रात्र जाऊ द्या.

पंचकर्म म्हणून विकत असतील तर नाडी बघणारा, प्रश्न विचारणारा वैद्य हजर हवा. पोहोचल्याबरोबर काहीही न विचारता थेट टेबलावर घेत असतील, तर ती साधी मालिश समजा आणि साध्या मालिशीचेच पैसे द्या.

आणि आता तुम्ही, जे घरं चालवता. तुमच्याकडे स्पा नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याकडे पडवी आहे. लाकडी घाण्याचं तेल आहे, पाणी तापवायची चूल आहे, पेज आहे. मालिश जाणणारी बाई वाडीत अजून असेल तर तिला बोलवा, तिची मजुरी तिच्या हातात द्या, दिवसात तीनच्या वर पाहुणे देऊ नका. तिच्याकडून एखादी तरुण मुलगी शिकत असेल तर मी कुडाळहून येईन, अंगठे वाचवून अंगाचं वजन कसं टाकायचं ते तिला दाखवेन, एक पैसा घेणार नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, पाण्यातले खेळ बंद असतात, खोल्या रिकाम्या असतात. आयुर्वेदात पावसाळा हा वात वाढण्याचा काळ, म्हणजे तेलाचा काळ. तेव्हा पाहुण्याला म्हणा, या, पाऊस ऐका, कोणी तुम्हाला उठवणार नाही.

वेळ संपली, ठीक. पण मी पिशवीतून दोन वस्तू आणल्यात. ही काशाची वाटी, माझ्या आईची. आणि हे भिरंडेल, कोकमाच्या बियांचं, भेगा पडलेल्या टाचांना लावतो तेच. बघा, घट्ट वडी आहे, पण अंगाच्या उबेला मऊ होत जाते. पुढच्या ओळीतल्या खुर्च्या जरा मागे घ्या. सकाळपासून चहा आणि वडे करणाऱ्या त्या दोघी अजून स्वयंपाकघरात उभ्याच आहेत. त्यांना बोलवा कोणीतरी. सुरुवात त्यांच्या पायांपासून करू, आणि त्या बसल्या की अर्धा तास त्यांना कोणी चहा मागायचा नाही.