बाहीवरचा 'टी'

नमस्कार मंडळी! आज अमेरिकन लष्करातल्या एका हुद्द्याबद्दल बोलायचंय, जो जेमतेम साडेसहा वर्षं टिकला. हुद्द्याचं नाव टेक्निशियन. जानेवारी १९४२ ला सुरू, ऑगस्ट १९४८ ला बंद.

झालं असं की जपानने पर्ल हार्बर या अमेरिकन नौदल तळावर हल्ला केला, अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि तिकडे धडाधड भरती सुरू झाली, आणि फौज काही नुसत्या बंदुकवाल्यांवर चालत नाही, रेडिओवाला लागतो, मेकॅनिक लागतो, आचारी लागतो. अशा कसबी माणसाला पगार वाढवून द्यायचा तर त्याला कॉर्पोरल नाहीतर त्याच्या वरचा सार्जंट, म्हणजे शिपायांवर हुकूम चालवणारा करावं लागायचं, आणि सार्जंट केलं की हुकूम देणारा आणखी एक माणूस वाढला! म्हणून टेक्निशियनच्या तीन पायऱ्या काढल्या, थर्ड, फोर्थ आणि फिफ्थ ग्रेड. फिफ्थवाल्याला कॉर्पोरलचा पगार, म्हणजे महिना ६६ डॉलर, फोर्थला सार्जंटचा, थर्डला त्याच्याही वरच्या स्टाफ सार्जंटचा. पण मान त्या-त्या हुद्द्याच्या खाली. परत सांगतो, पगार तोच, मान खाली.

आणि बाहीवरच्या फिती सुरुवातीला अगदी सारख्याच, त्यामुळे कोण कोण आहे ते कुणालाच कळेना. मग सप्टेंबर १९४२ मध्ये फितींखाली इंग्रजी 'टी' अक्षर आलं. तरी लोक हाक मारायची ती कॉर्पोरल, सार्जंट अशीच.

मला विचाराल तर कल्पना फार चांगली होती. आपल्याकडे ऑफिसात बघा, एखादा मशीनवर हात बसलेला माणूस असतो, त्याला बढती म्हणून केबिनमध्ये बसवतात, आणि मग मशीनही बंद आणि तोही वैतागलेला! पगार वाढवा ना त्याचा, खुर्ची कशाला बदलता? असो.

आता ज्याच्यासाठी हा विषय घेतला तो माणूस. एरिक गिब्सन. जन्म स्वीडनचा, भरती झाला शिकागोत. बाहीवर दोन फिती आणि 'टी', म्हणजे फिफ्थ ग्रेड. काम काय? कंपनीचा आचारी. लक्षात घ्या, आचारी!

२८ जानेवारी १९४४, इटली. तिथल्या किनाऱ्यावरच्या अँझिओला अमेरिकन आणि ब्रिटिश सैन्य उतरून आठवडासुद्धा झालेला नाही. इसोला बेल्लाजवळ त्याच्या कंपनीचा हल्ला चाललाय आणि हा आचारी नव्याने आलेल्या पोरांची एक तुकडी घेऊन निघालाय, ज्यांनी आजवर लढाई बघितलेलीच नाही. एक रुंद ओढा आहे, त्याच्या पात्रातून जायचं. गिब्सन पोरांच्या पन्नास यार्ड पुढे, एकटा! लपलेल्या जर्मन सैनिकाने त्याला वीस यार्डांवर येऊ दिलं आणि गोळ्या सोडल्या, तर हा मागे वळायचं सोडून गोळ्या झाडत सरळ त्याच्या अंगावर धावला आणि ती जागा घेतली. मग तोफगोळे पडायला लागले, एकाच्या धक्क्याने आडवा झाला, उठतोय तोच पंचाहत्तर यार्डांवरून दोघांनी नेम धरला, हा त्यांच्यावरही धावला, एकाला मारलं, एकाला पकडलं.

पुढे दोनशे यार्डांवर मोठी मशीनगन. आता मात्र तो रांगत मागे आला, पोरांना म्हणाला तुम्ही इथून गोळीबार चालू ठेवा, मी बाजूने जातो. सगळे नको नको म्हणत असताना सव्वाशे यार्ड सरपटत गेला, दोन मशीनगनच्या माऱ्यातून, अंगावर माती उडतेय, आणि दोन हातबॉम्ब टाकून ती मशीनगन बंद पाडली. त्यानंतर ओढ्याचं वळण आलं. पोरांना थांबवून एकटाच बघायला गेला. गोळीबाराचा आवाज आला म्हणून पोरं पुढे धावली, तर त्याने समोरच्याला मारलं होतं आणि स्वतःही पडला होता.

मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर मिळालं, अमेरिकेतलं सर्वोच्च शौर्यपदक. ज्याचा हुद्दा सांगतो की हा हुकूम देणारा नव्हे, त्याने त्या दिवशी तुकडी चालवली, पोरांना मागे ठेवून स्वतः पुढे जात चालवली.

इटलीचा विषय निघालाय तर राहवत नाही. त्याच वर्षी १० जुलैला तिथेच आपले माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे एकटे मशीनगनवर धावून गेले होते, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. नाईक म्हणजे कॉर्पोरलच्या बरोबरीचा. माणगावात त्यांचा पुतळा आहे, कोकणात जाताना गाडी थांबवून बघत जा हो, नुसता चहा पिऊन पुढे निघू नका!

तर टेक्निशियन. युद्ध संपलं, हुद्द्यांची फेरमांडणी झाली आणि १ ऑगस्ट १९४८ ला 'टी' गेला. पण कसबी माणसं थोडीच गेली होती? सात वर्षांत, १९५५ मध्ये, लष्कराला स्पेशालिस्ट नावाचे हुद्दे काढावे लागले. त्यातला एक आजही आहे, पगार कॉर्पोरलचा आणि मान कॉर्पोरलच्या खाली.