मोटारसायकलवरचा तंबू

नमस्कार श्रोतेहो. मोटारसायकलवरून लांबच्या प्रवासाला निघायचं, संध्याकाळी जिथे जागा बरी वाटेल तिथे थांबायचं आणि स्वतःच्या तंबूत झोपायचं, असा बेत तुमच्यापैकी काहींच्या मनात घोळत असेल. आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे. हलका तंबू कोणता घ्यावा, असं मला पुष्कळजण विचारतात. मी त्यांना आधी लांबीबद्दल सांगतो. तंबू गुंडाळल्यावर केवढा लांब राहतो, ते पाहा. वजनाचं नंतर बघू.

बाजारातले बहुतेक हलके तंबू पाठीवर बोजा घेऊन डोंगर चढणाऱ्यांसाठी बनलेले असतात. त्यांना शंभर ग्रॅमसुद्धा खांद्यावर जाणवतात. आपला बोजा इंजिन वाहतं. पेट्रोलचं वजन लिटरला साधारण पाऊण किलो. म्हणजे भरपूर पैसे मोजून तंबूत एक किलो वाचवला, तरी टाकीत सव्वा-दीड लिटर पेट्रोल कमी असण्याइतकाच तो फरक. टाकी काठोकाठ भरली म्हणून गाडी चालवणं कुणाला नकोसं होत नाही.

लांबीचं मात्र तसं नाही. कापड दाबता येतं, कोंबता येतं, हवं तसं वळवता येतं. दांड्या वळत नाहीत. दांडीचा एक तुकडा जेवढा लांब, तेवढा गुंडाळलेला तंबू लांब. बऱ्याच तंबूंचे हे तुकडे ४५ ते ५० सेंटिमीटरचे असतात आणि गाडीच्या बाजूला लावायच्या पेटीची आतली लांबी पुष्कळदा ४० च्या आसपास भरते. मग तंबू पेटीत मावत नाही आणि सीटच्या मागे आडवा बांधला जातो. गाडीवर सामान ठेवायला यापेक्षा वाईट जागा नाही. तिथे वजन उंचावर जातं आणि मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे जातं. पुढचं चाक हलकं पडतं, वेग वाढला की गाडी डोलायला लागते आणि जोराच्या वाऱ्यात ते डोलणं थेट हँडलमध्ये जाणवतं. शेपटाकडे बांधलेल्या दोन किलोंपेक्षा पेटीत खाली, चाकाच्या जवळ ठेवलेले तीन किलो मला केव्हाही चालतील.

म्हणून दुकानात जाण्याआधी पेटीची आतली लांबी मोजा. आडवी मोजा, तिरकीही मोजा; तिरक्या मापात कधीकधी चार-पाच सेंटिमीटर जास्त मिळतात. सायकलवरून फिरणाऱ्यांसाठी काही कंपन्या अलीकडे आखूड दांड्यांचे तंबू काढतात. बिग ॲग्नेसच्या ‘बाइकपॅक’ नावाच्या तंबूंत दांडीचा तुकडा साधारण ३० सेंटिमीटरचा असतो. सायकलच्या हँडलला बांधता यावा म्हणून तो तसा केलेला, पण मोटारसायकलच्या पेटीतही तो सहज बसतो. मनात भरलेल्या तंबूच्या दांड्या लांबच असतील, तर कापड पेटीत घाला आणि दांड्या वेगळ्या पिशवीत घालून गाडीच्या सांगाड्याला समांतर, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला बांधा. तंबू एकाच पिशवीत ठेवायचा, असा काही नियम नाही.

वजनाच्या आकड्याबद्दल एक सावधगिरी. पुष्कळ तंबूंवर दोन वजनं छापलेली असतात. लहान आकड्यात आतला तंबू, वरचं आवरण आणि दांड्या एवढंच मोजलेलं असतं. मेखा, तणावे, पिशव्या त्यात नसतात. आपल्याला सगळं घेऊनच जायचंय, तेव्हा मोठा आकडा धरा. माझ्या मते एकट्या चालकाला सगळं मिळून दोन ते तीन किलोंचा तंबू योग्य. त्याहून पुष्कळ हलका हवा असेल, तर कापड फार पातळ घ्यावं लागतं.

कापडाची जाडी डेनियरमध्ये सांगतात. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. म्हणजे २० डेनियरचा धागा नऊ किलोमीटर लांब असला, तरी तो २० ग्रॅमच भरतो. अतिहलक्या तंबूंत १० ते १५ डेनियरचं कापड असतं. पाठीवरच्या पिशवीत ते नीट टिकतं. मोटारसायकलवर त्याला दिवसभर थरथर सोसावी लागते. मेखा आणि कापड एकाच पिशवीत असतील, तर मेखेचं टोक एकाच घडीवर तासन्‌तास घासत राहतं. आधी तिथे नखाएवढा पांढुरका ठिपका दिसतो, म्हणजे वरचा लेप गेलेला असतो. कापड उजेडासमोर धरलं, तर त्या ठिपक्यात धागे विरळ झालेले दिसतात. आणखी काही दिवसांच्या प्रवासात तिथे भोक पडतं. म्हणून मेखांना जाड कापडाची स्वतंत्र पिशवी हवीच, आणि माझी पसंती ३० डेनियर किंवा त्याहून जाड कापडाला आहे. जमिनीला लागणारं कापड तर आणखी जाड असलेलं बरं.

आता आतली जागा. तंबूवर लिहिलेली माणसांची संख्या शेजारी शेजारी गाद्या अंथरून मोजलेली असते. त्यात सामान धरलेलं नसतं. आपल्याकडे हेल्मेट असतं, कोपर-खांद्यांना कवच असलेलं जाड जॅकेट असतं, घोट्याच्या वर जाणारे बूट असतात, टाकीवरची बॅग असते आणि यातलं निम्मं ओलं असू शकतं. तेव्हा एकट्याने दोघांचा तंबू घ्यावा आणि दोघांनी तिघांचा. दाराबाहेर आवरणाखाली मोकळी राहते ती ओसरी पुरेशी खोल आहे का, हेही पाहा. हेल्मेट आणि बूट तिथे पावसाचा थेंब न लागता राहिले पाहिजेत. मधली उंची एक मीटरच्या आत असली, तर बसून रायडिंगची पँट काढणं त्रासाचं होतं. दिवसभर गाडीवर बसून आखडलेल्या गुडघ्यांना ते फार जाणवतं.

तंबू कशाच्या आधाराने उभा राहतो, याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. अतिहलक्या तंबूंपैकी पुष्कळांना स्वतःच्या दांड्याच नसतात. गिर्यारोहकाच्या हातातल्या काठ्यांवर ते उभे करायचे असतात. आपल्याकडे काठ्या नसतात, म्हणजे काठी वेगळी विकत घ्यायची आणि वजनाची बचत तिथेच संपली. बोगद्याच्या आकाराच्या तंबूला दांड्या असतात, वजनाच्या मानाने जागाही भरपूर मिळते, पण मेखा ठोकून ताणल्याशिवाय तो उभा राहत नाही. मोटारसायकलवाला थांबतो ती जमीन बहुधा गाडी उभी राहील अशी कडक असते: मुरूम, खडी, दाबलेली माती. तिथे मेख दोन बोटं जाते आणि वाकते. एकमेकींवरून जाणाऱ्या दांड्यांचा घुमटाकार तंबू मेखांवाचूनही उभा राहतो, उचलून दोन हात सरकवता येतो आणि कोपऱ्यांना दगड बांधून भागवता येतं. वारा असेल तेव्हा तणावे मात्र बांधायलाच हवेत. दांड्या ॲल्युमिनियमच्या घ्या. फायबरग्लासच्या दांड्या स्वस्त असतात, पण जड असतात आणि फुटल्या की त्यांच्या चिरफळ्या हातात शिरतात.

पावसात पोचलात तर काय, हा विचार खरेदीच्या वेळीच करायचा. बऱ्याच तंबूंत आधी जाळीचा आतला तंबू उभारायचा आणि मग त्यावर आवरण घालायचं असतं. तेवढ्या वेळात आतली जमीन भिजून जाते. काही तंबूंत आवरण आधी उभं करता येतं. हिलेबर्ग या स्वीडिश कंपनीच्या तंबूंत आतला आणि बाहेरचा भाग एकमेकांना जोडलेलेच असतात आणि दोन्ही एकदम उभे राहतात. ओल्या हवेत फिरणार असाल, तर ही सोय शे-दोनशे ग्रॅमसाठी सोडू नका.

कापडाचा जलरोधकपणा मिलिमीटरमध्ये सांगतात. कापडावर पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि तीन ठिकाणी थेंब पाझरेपर्यंत पाण्याचा स्तंभ किती उंच झाला, ते मोजतात. आवरणाला १५०० मिलिमीटर पुरतात. तळाला ३००० असावेत, कारण गुडघा टेकला की दाब एकाच जागी येतो. पण सकाळी तंबू आतून ओला दिसला, तर लगेच तो गळतो असं समजू नका. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडतं आणि थंड कापडावर त्याचे थेंब जमतात. दोन थरांचा तंबू असेल, तर ते बाहेरच्या थरावर राहतात. वरचा झरोका थंडीतही उघडा ठेवा.

मोटारसायकलसकट झोपता येईल, असे तंबूही मिळतात. रेडव्हर्झ आणि लोन रायडर या कंपन्यांचे असे तंबू आहेत, ज्यांत गाडीसाठी वेगळा कप्पा असतो. एका जागी चार दिवस राहायचं असेल, तर त्यांचा उपयोग आहे. रोज नव्या ठिकाणी थांबणाऱ्याने एवढं धूड रोज उभारून रोज गुंडाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी तंबूपासून निदान दोन-तीन मीटर दूर उभी करा. तापलेला सायलेन्सर नायलॉनला लागला, तर कापड त्या क्षणी वितळतं. साइड स्टँडखाली चपटा दगड किंवा फळी ठेवा, नाहीतर रात्रीच्या पावसाने माती मऊ होऊन गाडी कलंडते, आणि ती तंबूच्या बाजूला कलंडली तर आत माणूस झोपलेला असतो. स्टोव्हही तंबूत पेटवू नका, पाऊस कितीही असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत तो कळतही नाही.

सकाळी निघण्याची घाई असते आणि आवरण ओलंच गुंडाळावं लागतं. त्यासाठी एक जलरोधक पिशवी वेगळी ठेवा, म्हणजे आतला तंबू कोरडा राहतो. दुपारी थांबाल तिथे आवरण गाडीवर पसरू नका, सायलेन्सर अजून तापलेला असतो. झुडपावर किंवा कुंपणावर टाका. अर्ध्या तासाच्या उन्हातही ते बरंच सुकतं. घरी पोचल्यावर मात्र पूर्ण वाळवूनच ठेवा. ओलसर ठेवलेल्या कापडावरचा पॉलियुरेथेनचा लेप हळूहळू विघटित होतो, चिकट होतो, त्याला आंबूस वास येतो आणि पुढे तो सोलून निघतो. तसं झालं की तो तंबू पावसाच्या कामाचा राहत नाही.

जाता जाता एका छोट्या वस्तूबद्दल सांगतो. बऱ्याच तंबूंबरोबर बोटाएवढी ॲल्युमिनियमची नळी येते आणि पुष्कळजण ती खोक्याबरोबर टाकून देतात. दांडी मोडली, तर ही नळी मोडलेल्या जागेवर सरकवायची आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी घट्ट गुंडाळायची. तंबू त्याच रात्री पुन्हा उभा राहतो. ती नळी दांड्यांच्या पिशवीतच ठेवा, आणि चिकटपट्टीचे आठ-दहा वेढे एखाद्या दांडीवर आधीच गुंडाळून ठेवा. नमस्कार.